हक्कसोड

बेलापुरात, सिडको भवनाच्या मागल्या गल्लीत
माझं दुकान आहे. झेरॉक्स, टायपिंग, स्टॅम्प पेपर,
आणि गिऱ्हाइकाला टेकायला एक बाक.
अवसेच्या संध्याकाळी शटर अर्धं ओढलं होतं
तेव्हा तो वाकून आत आला.

अंगावर कापड बरं होतं.
पण पायांभोवती लादीवर पाणी साचत गेलं
आणि त्या पाण्याला भरती होती.
कुजल्या तिवराचा, कोलंबीच्या सालीचा वास
मशीनच्या गरम कागदावर चढला.

दिवाळ्याच्या पोरीला गिऱ्हा ओळखायला शिकवावं लागत नाही.
चकवा रस्त्याचा, मुंजा पिंपळाचा,
हा पाण्याचा.
होडीपुढं मासे हाकत नेतो,
टोपली भरते, भरतच जाते,
मग कळतं, कमरेचं पाणी ओठांना लागलंय.

"गुलाब ना गो तू? जोमा तांडेलाची?
वारसाची नोंद करायची हाय."
कुणाच्या?
"माजे."

आधी तो माणूस होता. माणूस म्हणजे चाचा.
वल्ह्यांना चिंध्या गुंडाळून, बत्ती विझवून
मिठाची गलबतं लुटायचा.
एका वाटणीच्या रात्री सोबत्यानंच ढकलला,
कमरेला होन बांधलेले. सोनं पोहत नाही.
पुढं किती वर्षं नुसता गिऱ्हा.
आणि मग माझा बाप, एकटा, बोक्षी लावून बसलेला,
हातात कोयता.

बट ज्याच्याकडे, गिऱ्हा त्याचा.
बट सापडली की तो सुटतो,
जाताना घर बुडवून जातो.
म्हणून ती ठेवायची जागा एकच:
मांडी चिरायची, आत घालायची, वरून शिवायची.

बापाच्या उजव्या मांडीवर शिवण होती.
आई म्हणायची, शिंगाळीचा काटा लागलेला.
तो कधी कुणासमोर उघड्यानं न्हायला नाही,
आणि आमचं जाळं कधी रिकामं आलं नाही.

"तुमी त्याला जालला. माजी बट बी जलली.
आता मी कोनाचा? धनी नाय, सुटका नाय.
नऊ वर्सां रोज रातचा मासं हाकत आनतो
आन जेट्टीवर होरीच नाय."
भावांकडे जा, म्हटलं. दोघे आहेत.
"जेलतो. त्यांना मी दिसत नाय."

हक्कसोडपत्रं मी शेकड्यांनी टाईप केलीत.
'राजीखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय,
नशापाणी न करता.'
बोटं ही वाक्यं माझ्याशिवाय लिहितात.
साडेबारा टक्क्यांचा प्लॉट लागला तेव्हा
भाऊ साडी घेऊन आले, मोतिया रंगाची, फॉल लावलेली.
माझंही मीच टाईप केलं.
फी घेतली नाही.

"ठेवून घे मना," तो म्हणाला.
"होन अजून थयंच हायत. गालात."
मशीनचे सात हप्ते राहिलेत.
मी खोटं कशाला बोलू, हात थांबला होता.

मग लिहिलं:
सदर गिऱ्हा, वय ठाऊक नाही, राहणार खाडी,
त्याच्यावर माझा व माझ्या वारसांचा
कोणताही हक्क वा हितसंबंध
आजपासून राहिलेला नाही.
त्याचा अंगठा घेतला. कागदावर ओला गोल उठला,
आत खवल्यासारखं काहीतरी चमकलं.
साक्षीदारांच्या दोन्ही ओळी कोऱ्या.

तो वाकला तेव्हा विचारलं,
बापानं तुझ्याकडं माशांशिवाय
कधी काही मागितलं?

शटरखाली बराच वेळ त्याची पाठ दिसत होती.
"एकदाच. म्हनला,
पोरीचे नावावर कायतरी करून ठेव.
मना लिवता येत नाय गो."

लादीवरच्या पाण्याला ओहोटी लागली.
मी फडकं घेतलं,
मग परत खिळ्याला अडकवलं.